येवा
येवा : नदी, ओढा, तलाव किंवा धरणाचा जलाशय यांत बाहेरून आत येणाऱ्या पाण्यास ‘येवा’ म्हणतात. हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. एखाद्या क्षणी पाणी किती वेगाने आत येत आहे, हा पहिला अर्थ होय. तो दर सेकंदास इतके घनमीटर किंवा घनफूट (क्युसेक) असा मांडतात. ठराविक काळात, बहुधा एका पावसाळ्यात अथवा एका जलवर्षात, एकूण किती पाणी आले हा दुसरा अर्थ असून तो दशलक्ष घनमीटर (दलघमी), दशलक्ष लिटर किंवा अब्ज घनफूट (टीएमसी) या एककांत सांगतात. जलाशयातून बाहेर सोडलेल्या पाण्यास ‘विसर्ग’ म्हणतात. येवा, साठा आणि विसर्ग या तीन आकड्यांवर धरणाचा सारा हिशेब उभा असतो. पाटबंधाऱ्यांच्या पत्रकांतून हा शब्द महाराष्ट्रभर परिचित झालेला असला, तरी त्याच्या अर्थाचे बहुतेक सर्व पदर मुंबईच्या उपनगरांतील एका लहानशा टापूत, म्हणजे विहार, तुळशी व पवई हे तलाव, त्यांना लागून असलेली आरे दुग्ध वसाहत आणि तेथून वाहणारी मिठी नदी यांच्या इतिहासात एकत्र पाहावयास मिळतात.

शब्दाचे स्वरूप व जवळचे शब्द : ‘येवा’ हा ‘येणे’ या क्रियापदाशी निगडित असलेला देशी शब्द आहे. कोकणात, विशेषतः मालवणी बोलीत, ‘येवा’ हे आज्ञार्थी रूपही असून त्याचा अर्थ ‘या’ असा होतो. पाहुण्याच्या स्वागतासाठी ते उच्चारले जाते. पाण्याच्या हिशेबातील नाम व स्वागताचे हे क्रियारूप व्याकरणदृष्ट्या भिन्न असले, तरी बाहेरून आपल्याकडे येणे ही कल्पना दोहोंत समान आहे. 

‘आवक’ हा शब्द येव्याचा निकटचा समानार्थी होय. तो मुख्यतः व्यापाराच्या व कचेरीच्या व्यवहारातील आहे. बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की भाव उतरतात. कचेरीत येणारी व जाणारी पत्रे आवक-जावक नोंदवहीत चढविली जातात. गुजरातीत येण्याच्या क्रियेस ‘आववुं’ हे क्रियापद असून ‘आवक’ म्हणजे उत्पन्न किंवा प्राप्ती. मराठीत धरणाविषयी बोलताना ‘पाण्याची आवक’ असेही म्हणतात. परंतु त्या वेळी पाणी हा जणू बाजारात येणारा माल आहे अशी छटा शब्दात राहते. ‘अंतर्वाह’ हा संस्कृतावरून घडविलेला पारिभाषिक शब्द असून ‘बहिर्वाह’ हा त्याचा प्रतियोगी होय. तो पाण्याप्रमाणेच हवा, उष्णता, विद्युत् भार यांनाही लागू पडतो. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) शास्त्रीय व प्रशासकीय लेखनासाठी संस्कृतोद्भव संज्ञा मोठ्या प्रमाणावर तयार करण्यात आल्या. तथापि पाटबंधाऱ्यांच्या व्यवहारात ‘अंतर्वाह’ हा शब्द ‘येवा’ या शब्दाची जागा घेऊ शकला नाही.

समुद्राचे पाणी आत येते तेव्हा त्यास येवा म्हणत नाहीत. त्यासाठी ‘भरती’ हा शब्द आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ती उधाणाची आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती भांगाची. येवा आणि भरती यांतील भेद केवळ गोड्या व खाऱ्या पाण्याचा नाही. येवा उंचावरून उताराने येतो व साठ्यात भर घालतो; भरती सखलातून, उताराच्या उलट दिशेने खाडीत शिरते आणि सहा तासांच्या सुमारास परतू लागते. मिठी नदीच्या मुखाशी या दोन्ही प्रवाहांची गाठ पडते, हे पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरेल.

हवेचा अंतर्वाह : हवेच्या बाबतीत ‘येवा’ हा शब्द रूढ नाही. समुद्रावरून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्यास ‘खारा वारा’ व जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यास ‘मतलई वारा’ म्हणतात. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते व तिची जागा घेण्यास समुद्रावरील तुलनेने थंड हवा आत येते. रात्री हा क्रम उलटा होतो. मुंबईत हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्यात खारे वारे दुपारच्या आसपास सुरू होतात आणि किनाऱ्यापासून आत असलेल्या उपनगरांना ते थोडे उशिरा पोहोचतात. पूर्वेकडील कोरडे वारे प्रबळ असल्यास खाऱ्या वाऱ्यांना विलंब होतो आणि तापमान झपाट्याने चढते. सांताक्रूझ वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१·७° से. तापमानाची नोंद झाली होती. मार्च महिन्यात मुंबईत तापमान चाळिशीपर्यंत जाते ते बहुधा अशाच दिवशी. चक्रीवादळात कमी दाबाच्या केंद्राकडे चोहोंकडून आत येणारी हवा हे अंतर्वाहाचे अधिक उग्र रूप होय. हवा आणि पाणी यांच्या आत येण्यात एक मूलभूत साम्य आहे : दोन्ही प्रवाह पातळीतील फरकामुळे निर्माण होतात, पाण्याच्या बाबतीत तो फरक उंचीचा असतो, हवेच्या बाबतीत दाबाचा.

येव्याचे गणित : पडलेला सर्व पाऊस येव्यात रूपांतरित होत नाही. काही पाणी जमिनीत मुरते, काही झाडे शोषून घेतात व काही वाफ होऊन जाते. उरलेले पाणी पाणलोट क्षेत्रावरून वाहत साठ्यापर्यंत पोहोचते. या उरलेल्या भागाचा अंदाज बांधणे हा धरणबांधणीतील पहिला प्रश्न असतो. पश्चिम भारतात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी आजच्या महाराष्ट्र व कर्नाटक राज्यांच्या सीमेवरील प्रदेशातील निरीक्षणांवरून पाणलोटांचे चांगले, मध्यम व निकृष्ट असे वर्ग पाडून तक्ते तयार केले. येथे ‘चांगला’ म्हणजे ज्यावरून अधिक पाणी वाहून येते असा पाणलोट. म्हणजेच ज्या जमिनीत पाणी कमी मुरते तीच अभियंत्याच्या वर्गीकरणात चांगली ठरते. १९२९ च्या सुमारास सी. सी. इंग्लिस व डिसूझा यांनी पश्चिम भारतातील अनेक ठिकाणच्या मोजमापांवरून घाटप्रदेशासाठी एक सोपे सूत्र मांडले. त्यानुसार सेंटिमीटरमधील पावसाच्या ८५ टक्क्यांतून ३०·५ वजा केले असता वाहून येणाऱ्या पाण्याची सेंटिमीटरमधील खोली मिळते.

येवा दरवर्षी सारखा नसतो. म्हणून ‘विश्वासार्ह येवा’ ही संकल्पना योजतात. शंभरापैकी पंचाहत्तर वर्षे किमान इतके पाणी येईल असा जो आकडा, तो ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा होय. सिंचन प्रकल्पांचे नियोजन सामान्यतः या प्रमाणावर करतात. पिण्याच्या पाण्यासाठी याहून अधिक विश्वासार्हता आवश्यक मानली जाते. हा आकडा केवळ तांत्रिक राहत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) १९७३ मध्ये कृष्णा खोऱ्यातील ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा २,०६० अब्ज घनफूट धरून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये ६५ टक्के विश्वासार्हता आधारभूत मानली, त्यामुळे वाटपयोग्य पाण्याचा आकडाच वाढला. नदी तीच, पाऊस तोच. येव्याची व्याख्या बदलली की राज्यांचे हक्क बदलतात.

विहार, तुळशी व पवई : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई शहर विहिरी व तळी यांवर अवलंबून होते. १८५४ मध्ये पाऊस अपुरा झाल्याने तीव्र टंचाई निर्माण झाली आणि शहराबाहेरून पाणी आणण्याचा विचार निकडीचा झाला. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने साष्टी बेटावरील विहार येथील खोरे त्यासाठी सुचविले. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले. हा तलाव म्हणजे मिठी नदीच्या शीर्षभागी मातीचे बांध घालून केलेला जलाशय होय. पुढे मागणी वाढल्याने १८७२ मध्ये बांधांची उंची वाढविण्यात आली आणि रिएन्झी वॉल्टन यांच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. पवई तलाव त्यानंतर, १८९० च्या सुमारास बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. ते औद्योगिक कामांसाठी व पुढील काळात आरे वसाहतीसाठी वापरण्यात आले.

या तीन तलावांचे आकडे येव्याची कल्पना स्पष्ट करतात. विहारचे पाणलोट क्षेत्र १८·९६ चौ. किमी. व साठवणक्षमता २७,६९८ दशलक्ष लि. आहे; तुळशीचे पाणलोट क्षेत्र ६·७६ चौ. किमी. व क्षमता ८,०४६ दशलक्ष लि.; पवईचे पाणलोट क्षेत्र ६·६१ चौ. किमी. व क्षमता सु. ५,४५५ दशलक्ष लि. या भागात पावसाळ्यात सु. २५० सेंमी. पाऊस धरला, तर वर दिलेल्या सूत्राने वाहून येणाऱ्या पाण्याची खोली १८२ सेंमी. येते. त्यावरून विहारचा येवा सु. ३४,५०० दशलक्ष लि., तुळशीचा सु. १२,३०० दशलक्ष लि. आणि पवईचा सु. १२,००० दशलक्ष लि. भरतो. म्हणजे तिन्ही तलावांत त्यांच्या क्षमतेहून अधिक पाणी येणे हे चांगल्या पावसाच्या वर्षी अपेक्षितच आहे. पवईत तर ते दुपटीहून अधिक असते. म्हणूनच पवई तलाव पावसाळ्याच्या पूर्वार्धातच भरून वाहू लागतो. तुळशीचे जादा पाणी विहारमध्ये उतरते आणि विहार व पवई यांचे सांडव्यावरून जाणारे पाणी मिठी नदीत येते. एका तलावाचा विसर्ग तो दुसऱ्याचा येवा, ही साखळी येथे डोळ्यांनी पाहता येते.

तानसा (१८९२) व त्यानंतरच्या वैतरणा, भातसा येथील धरणांमुळे मुंबईच्या पाणीपुरवठ्यातील विहार व तुळशी यांचा वाटा अल्प झाला. सात जलाशयांच्या १४,४७,३६३ दशलक्ष लि. एकूण उपयुक्त साठ्यापैकी या दोहोंचा साठा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही महानगरपालिकेच्या हद्दीतील पिण्याच्या पाण्याचे तलाव हे दोनच आहेत. पावसाळ्यात रोज सकाळी सहा वाजता घेतलेल्या पातळीच्या नोंदी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात व नागरिक त्या उत्सुकतेने वाचतात. पाणीकपात होणार की नाही, हे त्या आकड्यांवरून ठरते.

आरे दुग्ध वसाहत : मुंबई शहरातील दाट वस्तीत असलेले म्हशींचे गोठे बाहेर हलवून दुधाचा पुरवठा नियंत्रित करावा, या हेतूने गोरेगावच्या पूर्वेस सु. १,२८० हेक्टर भूमीवर १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. मुंबईचे दूध आयुक्त दारा नसरवानजी खुरोडी हे या योजनेचे शिल्पकार होत. १९६३ चा रॅमन मॅगसायसाय पुरस्कार त्यांना त्रिभुवनदास पटेल व व्हर्गीस कुरियन यांच्यासमवेत देण्यात आला. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे उद्‌घाटन झाले. म्हशींच्या बत्तीस गोठ्यांभोवती वैरणीची कुरणे, दूधप्रक्रियेचा कारखाना व बाग अशी तिची रचना होती. स्थळाची निवड करताना गवत व पाणी यांची उपलब्धता महत्त्वाची होती. 

वसाहतीच्या उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पूर्वेस विहार व आग्नेयेस पवई तलाव आहेत. तिच्या टेकड्यांवरील पाणी दोन दिशांना विभागले जाते : पश्चिमेकडील ओशिवरा नदी याच परिसरात उगम पावून मालाडच्या खाडीस मिळते, तर मिठी नदी दक्षिणेकडे साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल व धारावी या मार्गाने सु. १८ किमी. वाहत जाऊन माहीमच्या खाडीत शिरते. म्हणजे आरे हा स्वतः जलाशय नसून खालच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या येव्याचा एक उगम आहे. स्ट्रेंज यांच्या वर्गीकरणात आरेची गवताळ व झाडीची जमीन फारशी ‘चांगली’ ठरणार नाही, कारण ती बरेच पाणी धरून ठेवते आणि उरलेले सावकाश सोडते. तलाव भरू पाहणाऱ्यास हा दोष वाटेल; नदीकाठी राहणाऱ्यास तोच गुण आहे.

२६ जुलै २००५ : त्या दिवशीच्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तर कुलाबा येथे ७३·४ मिमी. इतकाच झाला. आरेच्या क्षेत्रावर सांताक्रूझइतकाच पाऊस धरला, तर केवळ त्या वसाहतीच्या भूमीवर एका दिवसात सु. १२,००० दशलक्ष लि. पाणी पडले असे होते. तुळशी तलावाच्या क्षमतेच्या ते जवळजवळ दीडपट आहे. त्यातच दुपारी समुद्राला सु. ४·४८ मी. उंचीची भरती आली. वरून येणारा येवा व खालून येणारी भरती यांची गाठ पडल्याने मिठीचे पाणी खाडीत उतरू शकले नाही आणि कुर्ला, कलिना, साकीनाका या परिसरांत ते पसरले. राज्यात या अतिवृष्टीने एक हजाराहून अधिक बळी घेतले. त्यांतील कित्येक मुंबईतील होते.

नदीचे पात्र मध्यंतरीच्या काळात बरेच अरुंद झाले होते. विमानतळाच्या धावपट्टीखालून व भोवतालून वळविलेला प्रवाह, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी घातलेली भर, काठावरील कारखाने व झोपड्या आणि गोठ्यांतील शेणापासून प्लॅस्टिकपर्यंतचा गाळ ही त्याची कारणे होत. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी सु. २५ मिमी. पावसासाठी, तीही ओहोटीच्या वेळी, पुरेशी होती. तिची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने समुद्राचे पाणीच वाहिन्यांत शिरत असे. ही उणीव १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात नोंदविली गेली होती. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली व तिचा अहवाल २००६ मध्ये सादर झाला; मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण ऑगस्ट २००५ मध्ये स्थापन झाले. पात्राचे रुंदीकरण व खोलीकरण झाले, आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इ. ठिकाणी भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभारली गेली. हे सर्व उपाय येवा खाली आल्यानंतरचे आहेत. तो वरच्या भागातच मंदावावा, हा प्रश्न आरेच्या भूमीशी निगडित राहिला.

आरेविषयीचा वाद : ५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित करण्यात आले. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रो मार्गाच्या कारशेडसाठी योजिलेली आरेतील सु. ३३ हेक्टर जमीन त्यातून वगळलेली होती. ही जमीन मिठीच्या काठी आहे. तेथे पावसाचे पाणी मुरते व पुराच्या वेळी पसरते, भराव घातल्यास ते खालच्या वस्त्यांत जाईल, असा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता. सार्वजनिक वाहतुकीमुळे प्रदूषणात होणारी घट व जागेची तांत्रिक सोय हे मुद्दे प्रकल्पाच्या बाजूने मांडले गेले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर रात्रीतून वृक्षतोड सुरू झाली व दोन हजारांहून अधिक झाडे पडली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी तोड थांबविली. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्ग येथे हलविण्याचा व आरेतील सु. ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला; २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेतच ठेवण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये या मार्गाचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला. तो मिठीच्या खोऱ्यातूनच जातो.

या वादात आरेतील रहिवाशांचा प्रश्नही पुढे आला. वसाहतीच्या स्थापनेपूर्वीपासून तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी इ. आदिवासींचे पाडे आहेत. शहराच्या पहिल्या नळपाण्याच्या तलावांशेजारी राहूनही यांतील अनेक पाड्यांना दीर्घकाळ नळाचे पाणी मिळाले नाही. विहिरी व झरे हाच त्यांचा आधार राहिला. झऱ्याचे पाणी म्हणजे जमिनीत मुरून सावकाश बाहेर येणारा पाऊस. तलावाच्या हिशेबात मुरलेले पाणी ही वजाबाकी असते. पाड्यांच्या हिशेबात तीच जमा असते.

शब्दाची मर्यादा : येवा ही सापेक्ष संज्ञा आहे. पाणी कोठे मोजावयाचे, हे ठरल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. विहारच्या बांधापाशी जो येवा लाभ म्हणून नोंदला जातो, तोच सांडव्यावरून गेल्यावर विसर्ग होतो आणि कुर्ल्यात पोहोचल्यावर त्यास पूर म्हणतात. येव्याच्या नोंदीत पाणी ज्या जमिनीवरून आले तिचा उल्लेख नसतो. पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा एक आकडा तेवढा असतो. ती जमीन गवताची आहे, जंगलाची आहे की सिमेंटची, यावर मात्र येव्याची राशी व त्याहूनही त्याचा वेग अवलंबून असतो. जमीन बांधकामाने झाकली गेली, तर वर्षाचा येवा वाढलेला दिसेल, पण तो काही तासांत येऊन जाईल. उघडी राहिली, तर आकडा काहीसा कमी भरेल, परंतु पाणी हळूहळू येईल आणि झरे पावसाळ्यानंतरही वाहतील. मुंबईत पावसाचा जोर थोड्या दिवसांत एकवटण्याची प्रवृत्ती वाढत आहे. अशा स्थितीत येवा किती, या प्रश्नाइतकाच तो कोठून व किती वेळात येतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचे उत्तर धरणाच्या पातळीपट्टीवर नव्हे, तर आरेसारख्या वरच्या भूमीच्या वापरात शोधावे लागते.